काम बिघडते तेव्हा दोष कोणाचा?

एखादा कर्मचारी वारंवार मुदत चुकवू लागला की वरिष्ठाच्या मनात सर्वात आधी त्याच्या स्वभावाविषयी शंका येते. तो आळशी आहे किंवा त्याला कामाची आस्था नाही, असा निष्कर्ष निघतो आणि त्याच्याकडे नेमक्या सूचना, पुरेसा वेळ व लागणारी माहिती पोहोचली होती का, हा प्रश्न मागे पडतो. या घाईचा अभ्यास मानसशास्त्राने बारकाईने केला आहे. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी काही जणांना क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. बाजू लेखकाने स्वतः निवडलेली नसून त्याला नेमून दिलेली होती, हे माहीत असूनही वाचकांचा कल निबंधातले मत लेखकाचेच मानण्याकडे राहिला. माणसाच्या वागण्यामागची परिस्थिती अशी नजरेआड करण्याच्या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत कारणमीमांसा दोष’ या अर्थाचे नाव दिले.

कामाच्या ठिकाणी हा दोष महागात पडतो, कारण चुकीच्या निदानावर केलेला उपायही चुकतो. अंगचोरीचेच उदाहरण घ्यावे. गटात टाळ्या वाजवताना किंवा ओरडताना प्रत्येक जण एकट्याने काढतो त्यापेक्षा कमी आवाज काढतो, असे बिब लताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवले. मात्र प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे मोजला जाणार आहे हे कळल्यावर ही ढिलाई जवळजवळ नाहीशी होते, असे पुढच्या प्रयोगांत आढळले. माणसे तीच होती, बदलली ती मांडणी.

चुका दाखवून देणे हाही हमखास उपाय नाही. अव्रहम क्लूगर आणि अँजेलो डीनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा अभिप्रायाने सरासरी कामगिरी सुधारलेली दिसली खरी, पण एक तृतीयांशाहून अधिक परिणामांमध्ये ती खालावली होती. त्यांच्या मते, अभिप्रायामुळे लक्ष कामावरून स्वतःच्या प्रतिमेकडे वळले की त्याचा उपयोग घटतो. म्हणून ‘तुम्ही बेजबाबदार आहात’ यापेक्षा ‘अहवालात मागील तिमाहीचे आकडे नव्हते, ते कुठे अडले?’ हे विचारणे मला अधिक शास्त्रीय वाटते. या प्रश्नाला उत्तर असते, आणि ते कधीकधी वरिष्ठाच्याच टेबलावर अडकलेले असते.

सूचना, साधने आणि मुदत यांची अशी शहानिशा करूनही काम सुधारत नसेल, तर अपेक्षा लेखी द्याव्यात, ठरलेल्या तारखेला आढावा घ्यावा आणि त्यानंतर कामाचे स्वरूप बदलण्याचा किंवा नोकरी संपवण्याचा निर्णय त्या नोंदींवरूनच करावा.