डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडतं तेव्हा

कबड्डीत पकड करताना बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यावर समोरच्याचा गुडघा बसतो. तो उठतो, तोंड धुतो. डोळा लाल नाही, सूज नाही, रक्त नाही. पण घरी पोचेपर्यंत त्याला मळमळायला लागतं, दोन उलट्या होतात आणि ‘वर बघ’ म्हटलं की तो कळवळतो. दुसऱ्या मैदानावर तिशीतल्या फलंदाजाला सीझन बॉल लागतो. तासाभरात त्याचा डोळा काळानिळा होऊन मिटून जातो. तपासणी दोघांचीही त्याच दिवशी व्हायला हवी. पण ऑपरेशनची घाई कोणाची, असं विचारलं तर बघणारे बहुतेक जण फलंदाजाकडे बोट दाखवतील. खरी घाई त्या मुलाची असण्याची शक्यता जास्त.

हे समजून घ्यायचं तर आधी खोबणीची रचना बघायला हवी. लहानमोठी सात हाडं मिळून ती बनते. तिची पुढची कड, म्हणजे भुवईखालची आणि गालाच्या वरची, चांगली दणकट असते. आतल्या भिंती मात्र आश्चर्य वाटावं इतक्या नाजूक. नाकाच्या बाजूची भिंत तर कागदासारखी, अर्धा मिलिमीटरही जाड नाही. खालची भिंत, म्हणजे खोबणीचा तळ, तशीच पातळ आणि तिच्याखाली सायनसची पोकळी. मोठ्या माणसाच्या खोबणीत साधारण 30 मिलिलिटर जागा असते. डोळ्याचं बुबुळासकट अख्खं गोलक त्यातलं जेमतेम 7 मिलिलिटर व्यापतं. उरलेल्या जागेत चरबी, स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या असतात.

खोबणीचं तोंड सुमारे 40 मिलिमीटर रुंद असतं. क्रिकेटचा चेंडू 70 मिलिमीटरहून मोठा, त्यामुळे तो बहुधा आधी कडेवर आदळतो. स्क्वॉशचा चेंडू बरोबर 40 मिलिमीटरच्या आसपास आणि बॅडमिंटनच्या फुलाचं बूच त्याहूनही लहान, म्हणजे ते सरळ आत घुसू शकतात. कोपर, गुडघा किंवा मूठ बसली तरी परिणाम तोच होऊ शकतो. आतला दाब एकदम वाढतो, किंवा कडेवरचा धक्का हाडातून मागे सरकतो, आणि तळाचं पातळ हाड सायनसच्या बाजूला फुटतं. अमेरिकेतल्या स्मिथ आणि रेगन या डॉक्टरांनी 1957 मध्ये या दुखापतीला ‘ब्लो-आउट फ्रॅक्चर’ हे नाव दिलं. आयर्लंडच्या हर्लिंग या खेळाचा चेंडू त्यांनी मृतदेहाच्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवला, त्यावर हातोडा मारला आणि तळ कसा फुटतो ते दाखवलं. गोलक मात्र अशा वेळी अनेकदा शाबूत राहतं, कारण पातळ भिंतीने मोडून दाबाला वाट करून दिलेली असते.

आता पुन्हा त्या मुलाकडे येऊ. मोठ्यांचं हाड वाळक्या काटकीसारखं तुटतं, मुलांचं हिरव्या फांदीसारखं लवतं. धक्का बसला की तळाचं हाड झडपेसारखं खाली उघडतं, डोळा खाली वळवणारा स्नायू त्या फटीत उतरतो आणि हाड परत जागेवर येऊन त्याला चिमटीत धरतं. बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र त्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटत चाललेला असतो. डोळा फिरवताना अडकलेला स्नायू ताणला जातो, तो संदेश मेंदूमार्गे हृदयाकडे आणि पोटाकडे जातो. नाडी मंदावते, उलट्या होतात, कधी घेरी येते. अशा मुलाला डोक्याला मार लागल्याचं समजून नुसतं नजरेखाली ठेवलं जातं. सीटी स्कॅनमध्येही हाडाची फट इतकी बारीक असते की ती नजरेतून निसटू शकते. एक-दोन दिवसांत स्नायू सोडवला नाही, तर तो आखडतो आणि मुलाला कायमचं दोन-दोन दिसत राहू शकतं. म्हणून माझं आईवडिलांना, क्रीडाशिक्षकांना कळकळीचं सांगणं आहे: डोळ्याला मार लागलाय, उलटी होतेय आणि वर बघता येत नाहीये, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर डोळा कितीही स्वच्छ दिसो, त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ गाठा.

फलंदाजाचं गणित वेगळं. आधी गोलक, पडदा आणि दृष्टीची नस तपासतात, कारण खरा ठेवा तो. भिंत दुरुस्त होते, पडद्याचं तसं नाही. 2000 साली ढाक्यात आशिया चषकात कुंबळेच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षण करताना सबा करीमच्या उजव्या डोळ्याला चेंडू लागला. त्या इजेने त्याची कारकीर्द संपवली. गोलक सुरक्षित असेल, तर सूज उतरण्यासाठी आठवडा-दोन आठवडे थांबणं हा उपचाराचाच भाग असतो. ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ ही घरच्यांची तगमग मला समजते. पण सूज ओसरल्यावर अनेकांचं दोन-दोन दिसणं आपोआप कमी होतं आणि ऑपरेशन लागतच नाही. ते टिकून राहिलं, डोळा दोनेक मिलिमीटरहून जास्त आत गेला, किंवा तळाचा निम्म्याहून मोठा भाग खचला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. गाल, वरचा ओठ आणि वरचे दात बधिर होतात ते तळातून जाणारी नस दुखावल्यामुळे. ती बधिरता बहुधा ओसरते, पण कित्येक महिने घेते.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. चेहऱ्यावर मोठी चीर पडेल ही भीती अनेकांना असते. पण खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने, बाहेर व्रण न दिसता, तळापर्यंत पोचता येतं. खाली घसरलेली चरबी आणि स्नायू हळूच वर उचलतात आणि भोकावर टायटॅनियमची जाळी, सच्छिद्र प्लॅस्टिकचा पातळ पत्रा किंवा रुग्णाचंच हाड बसवतात. शेवटी शल्यचिकित्सक चिमट्याने डोळा हलवून बघतात, तो मोकळा फिरतोय ना. दृष्टी जाण्याचा धोका फार क्वचित असतो, पण असतो. डोळ्यामागे रक्त साचलं तर नस दाबली जाते. म्हणूनच ऑपरेशननंतरच्या रात्री परिचारिका पुन्हा पुन्हा उठवून ‘किती बोटं दिसतात’ विचारते. तिच्यावर वैतागू नये. वेदना एकदम वाढल्या किंवा अंधारून आलं, तर तिने विचारण्याचीही वाट बघू नये.

मैदानावर परतता येतं. 1 नोव्हेंबर 2022 रोजी फ्रान्समधल्या मार्सेमध्ये टॉटनहॅम या इंग्लिश फुटबॉल क्लबकडून खेळताना सोन ह्युंग-मिनच्या डाव्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली आणि 24 नोव्हेंबरला तो काळा मुखवटा लावून विश्वचषकात दक्षिण कोरियाकडून उतरला. पण हे उदाहरण घरच्या घडाळ्याला लावू नका. इंग्लंडचा यष्टिरक्षक क्रेग कीसवेटर याला 2014 मध्ये हेल्मेटच्या फटीतून घुसलेला चेंडू लागला. तो खेळायला परतला खरा, पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही आणि पुढच्याच वर्षी, सत्तावीस वर्षांचा असताना, त्याने क्रिकेट सोडलं. हाड काही आठवड्यांत धरतं. वेगाने येणारा चेंडू नेमका कुठे आहे हे दोन डोळ्यांनी मिळून ठरवायला मात्र त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

तोवर एक पथ्य सगळ्यांना सारखं, ऑपरेशन झालेलं असो वा नसो: नाक शिंकरायचं नाही. सायनसमधली हवा मोडलेल्या तळातून वर घुसते आणि पापणी फुग्यासारखी फुगते. हात लावला तर आत कुरकुर जाणवते. शिंक आलीच तर ती दाबू नये, तोंड उघडं ठेवून शिंकावं.