फीड आणि एपीआय: खेळाचे अ‍ॅप बांधताना होणारी एक नेहमीची गल्लत

सोलापुरात अ‍ॅप बनवायला शिकणारी मुले-मुली प्रकल्पासाठी विषय निवडतात, तेव्हा दर चार गटांत एक तरी गट खेळाचा निघतोच. चाहत्याला क्रिकेट, कबड्डी, खो-खो, कुस्ती या सगळ्यांच्या बातम्या, वेळापत्रके आणि धावफलक एकाच ठिकाणी मिळावेत, अशी ती कल्पना असते. कल्पनेत काही वावगे नाही. आराखड्याच्या पहिल्या पानावर मात्र बहुतेक वेळा एक चौकोन काढलेला असतो आणि त्यात ‘फीड / एपीआय’ असे मध्ये तिरकी रेघ मारून लिहिलेले असते, जणू ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत. पुढे महिनाभराने अ‍ॅपमध्ये ज्या अडचणी येतात, त्यांतल्या निम्म्या त्या तिरक्या रेघेपाशी सुरू झालेल्या असतात.

फीड म्हणजे प्रकाशकाने आपल्या संकेतस्थळावर ठेवलेली, ठरलेल्या साच्यातली एक फाइल होय. आरएसएस हा त्यातला सर्वांत परिचित साचा १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने आणला, २००२ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती आली आणि २००५ मध्ये अ‍ॅटम नावाचा दुसरा साचा प्रमाणित झाला. त्या फाइलमध्ये अलीकडच्या काही बातम्या एकाखाली एक मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीला मथळा, दुवा, थोडक्यात सार, प्रसिद्धीची वेळ आणि बहुधा एक कायमचा ओळखक्रमांक असतो. नवी बातमी वर चढते, तळाची गळून पडते. फीडला प्रश्न विचारता येत नाही. ‘मला फक्त कबड्डीचे दे’ असे त्याला सांगण्याची सोय नसते. प्रकाशकाने कबड्डीचे वेगळे फीड ठेवले असेल तर ते घ्यायचे, नाहीतर सगळे आणून आपल्याकडे चाळायचे. गेल्या वर्षीच्या बातम्या हव्या असतील आणि आपण तेव्हा त्या साठवल्या नसतील, तर त्या फीडमधून आता मिळणार नाहीत.

एपीआय (अ‍ॅप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस) ही एका संगणकाने दुसऱ्याकडे विचारणा करण्याची ठरलेली पद्धत आहे. ‘अमुक क्रमांकाच्या सामन्याचा आत्ताचा धावफलक दे’, ‘या संघाचे पुढच्या महिन्यातले सामने दे’ असे नेमके मागायचे, सोबत आपली ओळख पटवणारी किल्ली द्यायची, आणि समोरून रकान्यारकान्यांत उत्तर येते: धावा, बळी, षटके, फलंदाजाचा क्रमांक. सोलापुरी चादरीच्या जकार्ड मागावर काम केलेल्या माणसाला हे समजावणे फार सोपे जाते. पुठ्ठ्याच्या कार्डावर भोक आहे की नाही यावरून कोणता दोरा उचलायचा हे मागाला कळते, त्याला नक्षी दिसावी लागत नाही. एपीआयचे उत्तर त्या कार्डासारखे यंत्रासाठी असते, तर फीडमधला मजकूर शेवटी माणसाने वाचण्यासाठी लिहिलेला असतो.

गल्लत होण्याचे एक कारण असे की दोन्हीकडची माहिती इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरूनच येते आणि कोड लिहिणाऱ्याला दोन्ही ठिकाणी जवळपास सारख्याच चार ओळी लिहाव्या लागतात. मग विद्यार्थी बाह्य खुणेवरून फरक ठरवतात: एक्सएमएल आणि जेसन या माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती, त्यांतले एक्सएमएल दिसले की फीड, जेसन दिसले की एपीआय. ही खूण खोटी आहे, कारण जेसनमध्येही फीड लिहिता येते आणि एक्सएमएलमध्ये उत्तर देणारे एपीआयही आहेत. खरा फरक काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे हे कोण ठरवतो, यात आहे. फीडच्या बाबतीत ते प्रकाशक ठरवतो. एपीआयच्या बाबतीत, कराराच्या चौकटीत का होईना, आपण ठरवतो.

हे न ओळखल्याने काय होते, याचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला. एका गटाने क्रिकेटचा ‘लाइव्ह स्कोअर’ एका वृत्तसंकेतस्थळाच्या फीडमधल्या मथळ्यांतून काढायचे ठरवले होते. मथळ्यात ‘१८ धावांची गरज’ असे शब्द आले की त्यातला आकडा उचलायचा आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायचा. सादरीकरणाच्या दिवशी सामना संपून बराच वेळ झाला होता, बाहेर फटाकेही वाजून गेले होते, आणि अ‍ॅपवर मात्र अजून १८ धावांचीच गरज होती. फीडचा यात काहीच दोष नव्हता. संपादकाने पुढची बातमी सविस्तर लिहून मग टाकायचे ठरवले होते आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. धावफलक ही क्षणाक्षणाला विचारायची गोष्ट आहे, म्हणून ती एपीआयकडूनच घ्यावी लागते. तरीही ‘एपीआय म्हणजे लाइव्ह’ असे समजू नये. तो आपण जितक्या वेळा विचारू तितकाच ताजा असतो, आणि न विचारता निरोप हवा असेल तर तशी वेगळी सोय एपीआय देणाऱ्या पुरवठादाराने दिलेली असावी लागते.

याच्या उलट, एपीआयचे उत्तर नीटनेटके आले म्हणून खेळ समजून घ्यावा लागत नाही, असेही नाही. षटकांच्या रकान्यात १८.४ आले, धावा १५०. एका मुलाने सरळ भागाकार करून धावगती ८.१५ काढली. पण १८.४ म्हणजे अठरा षटके आणि चार चेंडू, म्हणजे अठरा पूर्णांक चार षष्ठांश. त्याने भागले की धावगती ८.०४ येते. गल्लीत टेनिस चेंडूने खेळणाऱ्या कोणत्याही पोराला हे ठाऊक असते, आणि तोच पोरगा संगणकासमोर बसला की विसरतो.

नावांची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण चाहता सामन्याइतकाच खेळाडूच्या मागे येतो. समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या वाचकाला क्रिकेटपटू किरण नवगिरे हिच्याबद्दलचे सगळे काही हवे आहे. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने टी-ट्वेंटीत नाबाद १६२ धावा केल्या, तेव्हा मराठी फीडमध्ये ‘किरण नवगिरे’, ‘नवगिरेची खेळी’, ‘सोलापूरची किरण’ अशा कितीतरी रूपांत ती सापडू शकते, आणि नुसते ‘किरण’ शोधले तर भलत्याच किरण हाती लागतात. मराठीत नावाला विभक्तीचे प्रत्यय लागतात, त्यामुळे ‘नवगिरे’, ‘नवगिरेने’, ‘नवगिरेला’ हे सगळे एकच नाव आहे हे शोध घेणाऱ्या कोडला शिकवावे लागते. सोलापुरातच जन्मलेले, १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला २२३ धावा करून भारताचे कसोटीतले पहिले द्विशतक झळकावणारे पॉली उम्रीगर घ्या. त्यांचे आडनाव कोणी ‘उमरीगर’ लिहितो, कोणी ‘उम्रीगर’. एपीआयमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे खेळाडूला एक क्रमांक असतो आणि तो बदलत नाही. मात्र दोन पुरवठादारांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नसतात. म्हणून आम्ही आमच्याकडे एक साधा तक्ता ठेवतो: एका रकान्यात आमचा क्रमांक, पुढे पुरवठादाराचा क्रमांक, आणि त्यापुढे मराठीत नाव लिहिण्याच्या माहीत असलेल्या सगळ्या तऱ्हा. फीड आणि एपीआय यांची खरी गाठ पडते ती या तक्त्यात, आणि तो भरण्याचे कंटाळवाणे काम कोणतेच साधन आपल्यासाठी करत नाही.

खर्चाचे गणितही वेगळे आहे. फीड बहुधा फुकट असते आणि पंधरा मिनिटांनी एकदा तपासले तर दिवसाला ९६ विचारणा होतात. त्यातही ‘मागच्या वेळेनंतर बदल झाला असेल तरच दे’ असे सांगितले, तर समोरचा सर्व्हर ३०४ हा संकेत देऊन रिकाम्या हाती परत पाठवतो आणि दोघांचाही भार वाचतो. एपीआय बहुतेकदा विचारणांच्या संख्येवर पैसे घेतो. हजार लोकांच्या फोनमधून दर दहा सेकंदांनी एपीआयला थेट विचारले, तर साडेतीन तासांच्या सामन्यात १२ लाख ६० हजार विचारणा होतात. तेच आपल्या एका सर्व्हरने विचारून उत्तर सगळ्यांना वाटले, तर १२६० पुरतात. शिवाय किल्ली अ‍ॅपच्या आत ठेवली तर ती अ‍ॅप उकलून कोणीही काढू शकतो, म्हणून मधला सर्व्हर पैशांसाठी नसला तरी सुरक्षिततेसाठी लागतोच.

हक्कांबाबत मात्र दोन्हीकडे सावध राहावे लागते. फीड उघड्यावर ठेवलेले असते म्हणून त्यातला लेख किंवा छायाचित्र आपले होत नाही. मथळा, दोन ओळींचे सार आणि मूळ बातमीचा दुवा इथपर्यंत थांबणे हा सभ्य व्यवहार आहे, आणि त्याने प्रकाशकाकडे वाचकही जातो. धावसंख्येचे तसे नाही. अमेरिकेत १९९७ साली एनबीए (तिथली बास्केटबॉल लीग) विरुद्ध मोटोरोला या खटल्यात, बास्केटबॉलचे चालू गुण पेजरवर दाखवणाऱ्या स्पोर्ट्सट्रॅक्स या यंत्राबद्दल अपील न्यायालयाने असे ठरवले की सामन्याच्या प्रक्षेपणावर हक्क असतो, पण कोणाचे किती गुण झाले ही वस्तुस्थिती कोणाच्या मालकीची नसते. तो निकाल तिकडच्या कायद्याचा आहे, त्यावर विसंबून इथे धंदा उभारू नये. आणि एपीआय घेताना आपण ज्या अटी मान्य करतो, त्या अटी, वस्तुस्थितीला मालक नसला तरी, आपल्यावर बंधनकारक राहतात: माहिती किती काळ साठवायची, पुरवठादाराचे नाव कुठे दाखवायचे, दुसऱ्याला विकायची की नाही.

राहता राहिला आपल्याकडचा खेळ. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला, तेव्हा मराठी फीड बातम्यांनी भरून वाहत होती. पण आम्ही वापरत असलेल्या एपीआयमध्ये खो-खो हा खेळच नव्हता. जिल्ह्यातल्या कबड्डी स्पर्धांबद्दल तर दोन्हीकडे शुकशुकाट असतो. अशा वेळी आमच्यातलेच कोणीतरी मैदानाच्या कडेला फोन घेऊन बसते आणि प्रत्येक चढाईची नोंद करते: चढाई करणाऱ्याचा क्रमांक, मिळालेले गुण, पकड झाली का, लोण चढला का. ती नोंद आमच्या सर्व्हरवर जाते आणि अ‍ॅप ती तिथून मागून घेते, म्हणजे इथे एपीआय पुरवणारे आम्हीच होतो. सामना संपल्यावर त्याच नोंदींवरून चार ओळींची बातमी लिहून आम्ही ती स्वतःच्या फीडमध्ये टाकतो.

एकदा पंचांनी शेवटच्या चढाईचा निर्णय फिरवला, पण ते आम्हाला बातमी टाकून झाल्यावर कळले. एपीआयकडची नोंद दुरुस्त करताच अ‍ॅपवरचे गुण पुढच्या विचारणेला आपोआप बरोबर झाले. फीडमधली बातमी मात्र लोकांच्या फोनवर पोहोचून गेली होती. तीच बातमी, तोच ओळखक्रमांक कायम ठेवून, ‘सुधारित’ असा शब्द मथळ्यात घालून पुन्हा लिहावी लागली. घाईत नवा क्रमांक दिला असता तर एकाच सामन्याचे दोन वेगवेगळे विजेते यादीत एकाखाली एक दिसले असते.