पावसाळ्यात पंक्चरचा पॅच का सुटतो?

पंक्चरचं सोल्युशन म्हणजे डिंक, लावा आणि ओलं असतानाच पॅच दाबा, असं समजणारे अजून भरपूर आहेत, आणि पावसाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर जे पॅच दोन दिवसांत सुटतात त्यातले बरेचसे ह्या घाईपायी सुटतात. साध्या सायकलचं एवढं काही नाही, सुटला तर परत लावायचा. पण रेसिंग सायकलला ट्युब्युलर टायर असेल तर एका पॅचसाठी टायर उसवून परत शिवावा लागतो.

ट्युब्युलरमध्ये सुती किंवा पॉलिएस्टरचं कापड ट्यूबभोवती गुंडाळून खालून चक्क शिवलेलं असतं, शिवणीवर कापडी पट्टी चिकटवलेली असते आणि हा सगळा गोल रिमवर सिमेंटने (बांधकामाचं नव्हे, टायर चिकटवायचा गोंद) बसवतात. हवेचा दाब १०० ते १४० पीएसआय, म्हणजे मोटारीच्या टायरच्या तिप्पट-चौपट. पहिली अडचण भोक सापडण्याची. बादलीत बुडवला तर बुडबुडे बहुतेकदा व्हॉल्व्हपाशी येतात, कारण ट्यूबमधून सुटलेली हवा कापडाच्या आतून फिरत तिथून वाट काढते. म्हणून आधी वरचं रबर बोटाने चाचपून काच, तार, काटा शोधायचा. जागा कळली की पट्टी सोलायची, शिवणीवर पेनाने आडव्या खुणा करायच्या (परत शिवताना भोकं समोरासमोर यावीत म्हणून), आठ-दहा सेंटीमीटर टाके उसवायचे आणि ट्यूब हळूच बाहेर ओढायची.

आता खरी मजा, पॅच चिकटतो कसा त्याची. दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत, तिथे झाडाला चीर दिली की पांढरा चीक गळतो, त्यात पॉलिआयसोप्रीन नावाच्या लांबच लांब साखळ्या असतात. कच्च्या रबरात त्या शेवयांसारख्या नुसत्या एकमेकींत गुंतलेल्या, म्हणून ते उन्हात चिकट होतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं की गंधक घालून तापवलं की रबर टिकाऊ होतं. होतं असं की गंधकाचे अणू एका साखळीला दुसरीशी बांधून टाकतात. हेच व्हल्कनायझेशन. १८४६ मध्ये अलेक्झांडर पार्क्सने न तापवता हे करायची पद्धत काढली, आणि चांगल्या पॅच किटमध्ये आज तसंच काहीसं चालतं, म्हणजे जोड घडवणाऱ्या रसायनांचा एक भाग सोल्युशनमध्ये असतो, दुसरा पॅचच्या खालच्या थरात, दोन्ही भेटले की ट्यूब आणि पॅचच्या सीमेवर जोड तयार व्हायला लागतात. पण त्याआधी दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत शिरायला हव्यात. सोल्युशनमधला द्रावक ट्यूबचा पृष्ठभाग फुगवून तेवढी वाट करून देतो, आणि मग त्याने उडून जायला पाहिजे. अडकून राहिला तर मधला थर पिलपिलीतच राहतो. म्हणून बोट लावल्यावर ओलं लागेनासं होईपर्यंत थांबायचं. पॉलिश पेपरने घासायचं तेही ह्यासाठीच, वरचा जुना, मळका थर गेला की ताजं रबर उघडं पडतं.

आणि कोकणातला घोळ इथेच आहे. द्रावक उडताना उष्णता घेऊन जातो, हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं ना, तसंच. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरा, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, येतो साधारण २६ अंशांवर. म्हणजे ट्यूब फक्त दोन अंश थंड झाली की तिच्यावर दव धरायला सुरुवात. तेच २८ अंश पण ३० टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या देशावर दवबिंदू ९ अंशांच्या आसपास, तिथे हा त्रास होतच नाही. डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ पाण्याचा थर, पण साखळ्यांना पलीकडे जायला तेवढाच आडवा येतो.

काही पंक्चरवाले सोल्युशन लावून काडी ओढतात ते ह्यामुळेच असावं. ओल जाते खरी, पण रबर करपतं आणि द्रावक भडकतो, हे नकोच. ट्यूब आधी बल्बखाली धरून कोमट करा, ३५ अंशांच्या वर, मग बल्ब बाजूला ठेवून सोल्युशनचा पातळ हात द्या, म्हणजे गार होऊनसुद्धा ती दवबिंदूच्या खाली जात नाही.

जाता जाता, टायरात नायट्रोजन भरला की पंक्चर होत नाही असं ऐकवून पैसे घेतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि काट्याला आत काय भरलंय ह्याच्याशी देणंघेणं नसतं. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडल्यानेही काटा थांबत नाही, लिंबू मात्र वाया जातं.

पॅच बसला की वर टाल्कम पावडर, मेण लावलेल्या दोऱ्याने जुन्याच भोकांतून टाके, सुई ट्यूबला लागू न देता, वर पट्टी. मग रिमवर आणि पट्टीवर सिमेंटचा पातळ हात, वाळू द्यायचा, दुसरा हात, टायर बसवून हवा भरून रात्रभर ठेवायचा. ह्या सिमेंटमध्ये मात्र गंधकाचे जोड नसतात, ते मुद्दाम चिकटच ठेवलेलं असतं, म्हणून टायर परत सोलता येतो आणि म्हणूनच तापलं की ते मऊ पडतं. रिमला ब्रेक लागणारी सायकल असेल तर आंबा घाट साखरप्याकडे उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, जोरात दाबा, सोडा, रिमला वारा लागू द्या.