फ्रेंच मद्यगीतांच्या जुन्या छापील ग्रंथांचा संग्रह

जेवणाच्या मेजावर पेला हातात घेऊन म्हणायच्या गाण्यांना फ्रेंचमध्ये ‘एर आ ब्वार’ म्हणतात. सतराव्या शतकापासून त्यांची पुस्तके नियमित छापली गेली. ती जमवताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : प्रत पुरी आहे का, आणि गाण्याची चाल हाती लागते का. नवे संग्राहक बहुधा दुसरी विसरतात.

संग्रहाचा गाभा पॅरिसच्या बालार घराण्याच्या छापखान्यातून येतो. संगीतछपाईची राजाज्ञा या घराण्याकडे १५५१पासून होती. क्रिस्तोफ बालारने १६९५ मध्ये गंभीर गीते आणि मद्यगीते यांचे मासिक सुरू केले. ते १७२४ पर्यंत चालले. बालारची छपाई भिंगाखाली लगेच ओळखू येते. स्वर शंकरपाळ्यासारखे चौकोनी असतात. छपाईच्या प्रत्येक खिळ्यावर स्वर आणि पाच रेघांचा तुकडा एकत्र असल्यामुळे दर स्वरापाशी रेघा किंचित तुटतात. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या संगीतात रेघा सलग राहतात आणि पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटतो.

तपासणी फर्म्यांपासून, म्हणजे एकेका कागदाच्या घडीतून झालेल्या पानांच्या जुडग्यांपासून, करावी. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी अक्षर असते आणि त्या काळी २३ अक्षरेच वापरत. आय आणि जे एकच, यू आणि व्ही एकच, डब्ल्यू नाही. त्यामुळे आयनंतर थेट के आले तर पान गहाळ धरू नये. वर्षभराचे अंक एकत्र बांधलेल्या खंडात बारा महिने आणि वार्षिक सूची दोन्ही पाहावीत. सूची शेवटी असल्याने तीच आधी फाटते, आणि ती नसेल तर आतले कोणते गाणे गेले हे कळायला मार्ग उरत नाही. आरंभीचे चित्र गेले आहे का हेही बघावे. चित्रे सुटी विकण्यासाठी ती कापून काढलेली असतात.

मग एकेक पान उजेडासमोर धरावे. जुन्या हातकागदात साधारण अडीच सेंटिमीटरवर ठळक उभ्या किंवा आडव्या रेघा दिसतात. एखाद्या पानातल्या रेघांचे अंतर शेजारच्या पानांशी जुळत नसेल तर ते दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलेले असू शकते. १७००च्या पुस्तकात रेघाच नसलेला गुळगुळीत कागद आढळला तर ते पान नंतरचेच. नव्याने बांधताना सुरीने समास इतके छाटलेले असतात की वरची पाच रेघांची स्वरपट्टीही कापली जाते. हे नुकसान भरून येत नाही. धुऊन पांढरी केलेली, कोऱ्या कातड्यात बांधलेली प्रत देखणी दिसते. तरी दारूचे डाग पडलेली, जुन्या शिलाईची पण पुरी प्रत तिच्याहून मोलाची. ती मेजावर वापरली गेली होती, याचा पुरावा त्या डागांतच असतो.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या अनेक पुस्तकांत स्वरलेखन नसते. गाण्यावर ‘अमुक चालीवर’ एवढेच लिहिलेले असते आणि ते जुने गीत आज कोणाला पाठ नसते. म्हणून पिएर कापेल यांचा १८११चा ‘ला क्ले द्यु काव्हो’ (‘काव्हो या गीतकार-मंडळीची किल्ली’) हा ग्रंथ शेल्फावर आधी हवा. त्यात चाली क्रमांक देऊन छापल्या आहेत. चौथ्या आवृत्तीत त्यांची संख्या २३५० आहे. पुढच्या गीतसंग्रहांत चालीच्या नावाऐवजी याच ग्रंथातला क्रमांक दिलेला दिसतो. ही किल्ली नसेल तर बाकीची पुस्तके मुकी राहतात.

नॉर्मंडीतल्या व्हीर गावची मद्यगीते विकत घेताना शीर्षकपृष्ठावरच्या नावावर विसंबू नये. १८११ आणि १८२१ च्या आवृत्त्या ती पंधराव्या शतकातल्या ऑलिव्हिए बास्लँच्या नावावर देतात. पुढे १८७५ मध्ये आर्मां गास्ते यांनी ती वकील जां ल ऊ याच्या नावाने छापली.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काही वर्षांतल्या पुस्तकांवर बहुधा इसवी सन नसून क्रांतीच्या नव्या दिनदर्शिकेतले ‘वर्ष ५’ असे असते. हे वर्ष सप्टेंबर १७९६ मध्ये सुरू झाले. विक्रेते कधी अशा प्रतीला ‘सन नाही’ म्हणून स्वस्त लावतात.

साठवणुकीत हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवावी. त्याहून जास्त झाली की कागदावर तांबूस ठिपके पडतात आणि कसर लागते. फार कमी झाली तर कातडी बांधणी तडकते. आडव्या आकाराची पुस्तके उभी ठेवू नयेत, पानांच्या वजनाने शिवण सुटते.