हूबरचा हूवर: ओठ सैल पडले की ब चा व होतो

लंडनच्या मावसबहिणीला रविवारी फोन लावला तर म्हणाली, "दादा, दहा मिनिटांनी कर ना, हूवरिंग चाललंय." म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरने घर झाडत होती. आपण झेरॉक्स काढतो तसं तिकडे लोक हूवर करतात. १९०८ मध्ये विल्यम हेन्री हूवर नावाच्या ओहायोतल्या चामड्याच्या व्यापाऱ्याने स्पँगलर नावाच्या सफाई कामगाराच्या यंत्राचं पेटंट विकत घेतलं. शोध स्पँगलरचा, पण क्रियापद मात्र मालकाच्या आडनावाचं झालं!

आणि ते आडनाव मुळात हूबर. स्वित्झर्लंड, बव्हेरिया, ऑस्ट्रिया या पट्ट्यात हूबर ढिगाने सापडतात. 'हूब' म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन, ती ज्याच्याकडे तो हूबर. आपल्याकडचं मिरासदार साधारण त्याच जातकुळीतलं.

मग ब चा व केला कुणी? लोक ठोकून देतात की न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या केंद्रातल्या कारकुनाने चुकीचं लिहिलं. अहो, ते केंद्र उघडलं १८९२ ला, आणि याच आडनावाचे अमेरिकेचे ३१वे अध्यक्ष हर्बर्ट हूवर, त्यांचे पूर्वज आंद्रेआस हूबर अमेरिकेत पोचले १७३८ ला. शिवाय त्या बेटावर नावं जहाजाच्या यादीवरून पडताळायचे, ती यादी निघतानाच झालेली असायची.

खरी गंमत तोंडात आहे. आरशासमोर उभे राहा आणि 'हूबर' म्हणा, आधी सावकाश, मग भरभर दहा वेळा. ब ला दोन्ही ओठ घट्ट मिटावे लागतात, पण त्याच्या आजूबाजूला उ आणि अ, तोंड उघडं ठेवणारे स्वर, म्हणजे ओठांना उघड-मीट-उघड अशी कसरत. घाईत ओठ जवळ येतात पण मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि झाला व. शाळेच्या व्याकरणात ब स्पर्श व्यंजन आणि व अर्धस्वर असं पाठ केलं होतं ना, तर स्पर्श सुटला की अर्धस्वर उरतो, एवढंच. स्वित्झर्लंडमध्ये हा ब टिकला, पण १६४८ ला तीस वर्षांचं युद्ध संपल्यावर बरीच स्विस शेतकरी कुटुंबं जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठच्या उजाड फाल्त्स प्रांतात गेली, आणि तिथल्या बोलीत दोन स्वरांमधला ब सर्रास व होतो. आंद्रेआस हूबरचे पूर्वज स्वित्झर्लंडमधल्या आरगाऊचे, आणि आंद्रेआसही फाल्त्समधूनच पुढे अमेरिकेला गेला. म्हणजे व समुद्र ओलांडायच्या आधीच तयार होता, इंग्रजी लिहिणाऱ्याने कानाला आलं ते लिहिलं. श्नेबेली या आडनावाचं स्नेवली झालं तेही असंच.

हे परकं वाटत असेल तर घरातच बघा. संस्कृत दीप, मराठी दिवा. कपर्दिका, कवडी. प आधी ब होतो, मग ब सैल पडून व. कपाटाचं कवाड झालं, आणि नंतर आपण संस्कृतातून कपाट पुन्हा उचलून आणलं, त्यामुळे आता कवाड दाराला आणि कपाट कपड्यांना.

यात नशीब कुठेच नाही. तरी आपल्याकडे नावात एक जादा ए घालून भाग्य उघडायचे हजारो रुपये घेणारे आहेत. हर्बर्टसाहेबांचं स्पेलिंग तेच होतं, पहिल्या महायुद्धात अन्न जपून वापरण्याला अमेरिकेत 'हूवराइझ' म्हणायचे, कौतुकाने. महामंदीत त्याच नावाने बेघरांच्या झोपडपट्ट्या 'हूवरविल' झाल्या आणि उलटा काढलेला रिकामा खिसा म्हणजे 'हूवर झेंडा'. अक्षरं तीच!

दहा मिनिटांनी बहिणीचा फोन आला. तिला म्हटलं, हूवर म्हण बघू. इंग्रजी व ला वरचे दात खालच्या ओठाला घासतात, पण मराठीत बोलताना तिचे दात ओठाला जेमतेम लागतात. म्हणजे फाल्त्सच्या त्या सैल व ला तिच्या इंग्रज शेजाऱ्यांपेक्षा तीच जास्त जवळ. ती म्हणाली, "बरं, आता पोछा मारू का?"