विणीनंतर सॅमन मरतो, ट्राउट मात्र परततो

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की कोकणात वहाळांतून आणि भाताच्या खाचरांतून मासे पाण्याच्या उलट दिशेने वर सरकू लागतात. या चढणीच्या माशांची पोटे गाबोळीने भरलेली असतात आणि उथळ, नव्या पाण्यात अंडी घालण्यासाठीच त्यांची ही धडपड चाललेली असते. थंड पाण्यात राहणारे सॅमन आणि ट्राउटही असेच प्रवाहाविरुद्ध चढतात. सॅमनची चढण मात्र थेट समुद्रापासून सुरू होते आणि युकॉन नदीतील चिनूक जातीच्या बाबतीत ती सुमारे ३००० किलोमीटरपर्यंत लांबते. एवढा प्रवास करून, अंडी घालून हे मासे दमून मरतात, असे सर्रास सांगितले जाते. या विधानातले मरण काही जातींपुरतेच खरे आहे, आणि दमणुकीचे कारण तर त्या जातींनाही पुरते लागू पडत नाही.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील अ‍ॅडम्स नदीत ऑक्टोबरमध्ये सॉकाय सॅमनची वीण होते. समुद्रापासून जवळजवळ पाचशे किलोमीटर वर आलेल्या या माशाने गोड्या पाण्यात शिरल्यापासून काहीही खाल्लेले नसते. साठवलेली चरबी आणि पुढे पुढे स्वतःचे मांसही जाळत तो वर येतो. मांसाला लाली देणारे रंगद्रव्य वाटेत कातडीत आणि गाबोळीत उतरते. त्यामुळे आतले मांस फिके पडत जाते, तर अंग लालभडक आणि डोके हिरवे होते. नराच्या पाठीला कुबड येते, जबडा आकड्यासारखा वळतो आणि दात वाढतात.

जागा मादी निवडते. जिथे तळाशी सुपारीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे गोटे आहेत आणि त्यांच्यामधून स्वच्छ पाणी खेळते आहे, अशा ठिकाणी ती कुशीवर वळून शेपटीचे जोरदार फटकारे मारते. उचकटलेली वाळू आणि खडी प्रवाहाबरोबर थोडी खाली वाहून जाते आणि तळाला खड्डा पडतो. मधूनमधून खड्ड्यावर स्थिर राहून ती पोटाखालचा पर आत सोडते आणि खोली अजमावते. खड्डा मनासारखा झाला की नर तिच्या अंगाला अंग लावून थरथरतो, दोघेही जबडा वासतात आणि अंडी व वीर्य एकाच क्षणी पाण्यात सुटते. या एकाच क्षणाला मोठे महत्त्व आहे, कारण पाण्यात आलेले शुक्राणू मिनिटभरही पोहू शकत नाहीत आणि अंड्याचे शुक्राणू आत घेणारे सूक्ष्म छिद्रही पाणी लागताच लवकर बंद होते. लगेच मादी थोडी वर सरकून नवा खड्डा खणू लागते आणि त्यातून निघालेली खडी आधीच्या अंड्यांवर पांघरली जाते. असे अनेक खड्डे भरून ती साधारण तीन-चार हजार अंडी घालते. त्यानंतर अंगात त्राण असेपर्यंत ती जागा राखते आणि काही दिवसांतच मरते.

या मृत्यूचे खरे कारण शरीरातील संप्रेरकांत आहे. विणीच्या काळात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण बेसुमार वाढते, रोगप्रतिकारशक्ती कोलमडते, यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड झिजतात आणि कातडीवर बुरशीचे पांढरे चट्टे उमटतात. केवळ थकवाच कारणीभूत असता, तर अलास्कात भरती-ओहोटीच्या टप्प्यात, म्हणजे समुद्राच्या उंबरठ्यावरच अंडी घालणारा पिंक सॅमन जगायला हवा होता. तोही मरतोच. ओसवाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक वाटतो. पहिल्या महायुद्धात रक्त साठवून ठेवण्याची सोय उभारणाऱ्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर सॅमनचा अभ्यास हाती घेतला होता. कोकनी, म्हणजे समुद्रात न जाता तळ्यातच वाढणाऱ्या सॉकायच्या जननग्रंथी त्यांनी वयात येण्याआधीच काढून टाकल्या. एरवी चारेक वर्षांत संपणाऱ्या या माशांपैकी काही आठ वर्षांचे होईपर्यंत जगले.

युरोपातील आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नद्यांत चढणाऱ्या अटलांटिक सॅमनची गोष्ट निराळी आहे. तोही उपाशी राहतो, खंगतो आणि बरेचसे मासे दगावतातही. पण काही हाडकुळे मासे पुन्हा समुद्र गाठतात, खाऊन सावरतात आणि पुढे दुसऱ्यांदा विणीला येतात. त्यांत माद्या अधिक असतात, कारण नर विणीच्या जागी जास्त दिवस रेंगाळतात आणि एकमेकांशी झुंजत राहतात. ब्राऊन ट्राउटमध्ये तर विणीनंतर जगणे ही नेहमीचीच बाब आहे. रेनबो ट्राउट हा वंशाने सॉकाय आणि पिंक यांचा सख्खा भाऊबंद असून १९८९ पासून शास्त्रज्ञ त्याला त्यांच्याच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, गणतात. तरीही तो आणि त्याचा समुद्रात जाणारा प्रकार, स्टीलहेड, पुन्हा पुन्हा वीण करू शकतो. म्हणजे नुसत्या कुळावरूनही निकाल लागत नाही.

उत्क्रांतीच्या हिशेबात दुसरी वीण साधण्याची शक्यता फारच कमी असेल, तर त्यासाठी शक्ती राखून ठेवणे तोट्याचे ठरते, आणि सगळी पुंजी पहिल्याच खेपेत मोठ्या अंड्यांवर व जागा राखण्यावर उधळणारा मासा अधिक वंशज मागे ठेवतो. आईबाप पिलांना खाऊ घालण्यासाठी देह ठेवतात, हे भावुक स्पष्टीकरण मला पटत नाही. कुजलेल्या माशांतले नत्र ओढ्याला आणि अस्वलांमार्फत काठच्या झाडांनाही मिळते हे खरे, पण त्याचा लाभ परक्या पिलांनाही तितकाच होतो.

आपल्याकडे काश्मीरमधील कोकरनाग किंवा कुलूजवळील पतलीकुहल येथील केंद्रांत रेनबो ट्राउटची पैदास होते. हिवाळ्यात मादीच्या पोटावरून अंगठा हळुवार दाबत नेऊन अंडी कोरड्या भांड्यात काढतात, त्यांवर नराचे वीर्य घालून पिसाने ढवळतात आणि मगच पाणी ओततात. मादी पुन्हा तळ्यात सोडली जाते आणि पुढच्या हंगामातही तिची अंडी घेता येतात. ट्राउट मरत नसला तरी विणीपायी त्याची वाढ मंदावते आणि मांसाची प्रतही घसरते, म्हणून परदेशातील अनेक मत्स्यपालक फलित अंड्यांना थोडा वेळ उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का देऊन गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या वांझ माद्या तयार करतात. अशा मादीचे अंडाशय नीट वाढतच नाही. खाल्लेले अन्न गाबोळीत न जाता मांसात जाते आणि विणीचा हंगाम आला तरी तिचे वजन वाढतच राहते.