व्हँ जोन : आस्वाद आणि भोजनसंगती

पूर्व फ्रान्सच्या ज्युरा प्रदेशात साव्हान्यँ या एकाच जातीच्या पांढऱ्या द्राक्षांपासून होणारी, सहा वर्षांहून अधिक काळ पिंपात मुरवलेली कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन. बर्गंडी आणि स्वित्झर्लंडची सरहद्द यांच्या दरम्यान पसरलेल्या डोंगरउतारांवर तिचे द्राक्षमळे आहेत. सोनेरी-पिवळ्या रंगावरून तिला व्हँ जोन, म्हणजे ‘पिवळी वाइन’, हे नाव पडले. आर्ब्वा, शातो-शालों, लेत्वाल आणि कोत द्यु ज्युरा या चार नामाधिकारांखाली, म्हणजे ठरावीक भागातील वाइनलाच लावता येणाऱ्या संरक्षित नावांखाली, ती विकली जाते. त्यांपैकी शातो-शालों हा नामाधिकार केवळ व्हँ जोनसाठीच राखीव असून, पीक कसाला न उतरल्यास तेथील उत्पादक त्या वर्षापुरते हे नाव लावतच नाहीत. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षी तसे झाले.

या वाइनची चव समजण्यासाठी तिची घडण समजणे आवश्यक आहे. अन्यत्र पिंपातून बाष्पीभवनाने जेवढी वाइन उडून जाते, तेवढी वेळोवेळी भरून काढण्याची पद्धत आहे, कारण हवेचा संपर्क वाइनला बिघडवतो. व्हँ जोनच्या बाबतीत मात्र पिंपातील ती रिकामी जागा हेतुपुरस्सर तशीच ठेवली जाते आणि काही काळाने वाइनच्या पृष्ठभागावर, दुधावर साय धरावी तसा, किण्वाचा (यीस्टचा) पातळ पडदा धरतो. हा पडदा आतील वाइनला ऑक्सिजनच्या थेट माऱ्यापासून वाचवतो, तिच्यातील अल्कोहोलचे काही प्रमाणात ॲसिटाल्डिहाइड या उग्र वासाच्या संयुगात रूपांतर करतो आणि त्याच ओघात, वर्षानुवर्षे अत्यंत संथपणे, सोटोलॉन नावाचे संयुग तयार होते. पीक हाती आल्यानंतरच्या सहाव्या वर्षीच्या १५ डिसेंबरपर्यंत वाइन मुरवणे बंधनकारक असून त्यातील किमान ६० महिने ती पडद्याखाली राहावी लागते. प्रत्येक पिंप अखेरपर्यंत टिकेलच असे नाही. काहींमध्ये शिरका होण्याकडे कल दिसू लागतो, म्हणून ठरावीक काळाने तपासणी करून अशी पिंपे बाजूला काढली जातात. सिद्ध झालेली वाइन क्लाव्हलँ या ६२ सेंटिलिटरच्या बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाटलीत भरतात. मुरण्यासाठी ठेवलेल्या एक लिटर वाइनमधून अखेरीस एवढीच उरते, असे या मापाचे परंपरागत स्पष्टीकरण आहे.

पडद्याखाली मुरवण्याच्या पद्धतीमुळे तिची तुलना नेहमी स्पेनमधील फिनो शेरी या कोरड्या वाइनशी केली जाते. परंतु शेरीत सहसा वरून अल्कोहोल मिसळलेले असते आणि जुन्या वाइनमध्ये नव्या वाइनची भर घालत राहतात. व्हँ जोनमध्ये या दोन्ही गोष्टी होत नाहीत. तिच्या आंबटपणाची धारही शेरीपेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते.

आस्वाद घेताना सर्वाधिक चूक तापमानाची होते. पांढरी वाइन म्हणून तिला थंडगार केल्यास गंध मिटून जातो आणि जिभेवर निव्वळ आंबटपणा उरतो. १४ ते १६ अंश सेल्सिअस हे तापमान तिला योग्य. बूच काही तास आधी काढून ठेवणे किंवा वाइन सुरईत ओतून घेणे हितावह ठरते. प्रथम अक्रोड आणि पिकलेल्या सफरचंदाचा गंध येतो. वाइन प्याल्यात रुळत गेली की भाजलेले बदाम, सुके मशरूम आणि मसाल्याचा वास पुढे येतो. फ्रेंच आस्वादक या शेवटच्या गंधाला बहुधा ‘करी’ म्हणतात. मराठी वाचकाला तो अधिक नेमका ओळखता येईल, कारण सोटोलॉन हे मेथीदाण्याच्या वासामागचेही प्रमुख संयुग आहे. घोट गिळल्यानंतर चव बराच वेळ रेंगाळते, आणि वाइनची पारख करताना या रेंगाळण्याला रंग वा प्रथम गंधापेक्षा अधिक महत्त्व द्यायला हवे. ज्युरातील आस्वादसत्रांत आधी तांबड्या वाइन, नंतर पांढऱ्या आणि शेवटी व्हँ जोन असा क्रम असतो. तिच्यानंतर चाखलेली हलकी वाइन बेचव वाटते.

भोजनसंगतीत पहिला मान कोंते चीजचा. ते याच डोंगराळ भागात गाईच्या कच्च्या दुधापासून बनते आणि १८ महिने वा अधिक काळ मुरले की त्यालाही अक्रोडासारखा स्वाद येतो. येथे दोन समान स्वाद एकमेकांना उचलून धरतात, तर चीजमधील स्निग्धता आणि खारेपणा वाइनचा आंबटपणा मवाळ करतात. कोवळे कोंते मात्र या वाइनपुढे फिके पडते. सोबत अक्रोड असतील तर आणखी काही लागत नाही.

दुसरी प्रसिद्ध जोडी कोंबडीची आहे. मोरेल मशरूम, म्हणजे आपल्याकडे हिमालयात मिळणारी गुच्छी, आणि साय यांच्या रश्श्यात कोंबडी शिजवतात आणि रश्श्यात व्हँ जोनच घालतात. दीर्घ उकळीत तिचा गंध बराचसा उडून जात असल्याने थोडी वाइन राखून ती अखेरीस घालणे इष्ट. लोणी किंवा साय घातलेले मासे आणि शेवंड, तसेच मसालेदार पण फार तिखट नसलेले रस्से यांच्याशीही ती जुळते. सौम्य मेथी आणि नारळाचे दूध असलेला रस्सा तिला विशेष मानवेल. याउलट जहाल मिरची तिच्यातील अल्कोहोलचा दाह वाढवते, गोड पक्वान्नांसमोर ती कडवट लागते आणि शिरका घातलेल्या कोशिंबिरीने आंबटावर आंबट चढते.

हवेशी तिचा परिचय पिंपातच झालेला असल्यामुळे उघडलेली बाटली, बूच लावून थंड जागी ठेवल्यास, कित्येक आठवडे चांगली राहते. न उघडलेली बाटली अनेक दशके टिकते. १७७४ च्या पिकाची एक बाटली २०१८ मध्ये झालेल्या लिलावात एक लाख युरोंहून अधिक किमतीला विकली गेली.